वृत्तपत्र खेड्यापर्यंत नेणारी टपालसेवा



टपालसेवेचा विचार ग्रामीण भागात बहुधा पत्र, मनिऑर्डर आणि बचत खाते एवढ्यापुरता केला जातो. पोस्टमनच्या पिशवीत या सर्वांच्या जोडीला आणखी एक वस्तू गेली दीडशे वर्षे आहे. परंतु तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे कागदी वेष्टनात गुंडाळलेले, वर वर्गणीदाराचा पत्ता चिकटविलेले साप्ताहिक अथवा मासिक. शहरातील वाचकाला वृत्तपत्र दारात मिळते, स्थानकावर मिळते, कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडे मिळते. तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावातील शाळेला, ग्रामपंचायतीला अथवा एकट्यादुकट्या वाचकाला मात्र नियतकालिक मिळण्याचा भरवशाचा मार्ग दीर्घकाळ एकच होता आणि तो डाकघरातून जात होता.

नियतकालिके अत्यल्प दरात पोहोचविण्याचे हे काम वृत्तपत्रांच्या मालकांवर केलेली मेहेरबानी होय, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ही सवलत मुळात वाचकाची आहे. माणूस मोठ्या शहरात राहतो की डोंगरातील वाडीवर राहतो, यावरून त्याला मिळणाऱ्या माहितीची किंमत ठरू नये, हे त्यामागील तत्त्व आहे. हे तत्त्व कसे रुजले, ते कशाच्या आधारावर टिकले आणि आज त्याची स्थिती काय आहे, हे पंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि शासनाचे अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अंतराची किंमत

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, त्या वेळी टपालाचा दर अंतरावर ठरत असे. पत्र जितके लांब जावयाचे तितके मोल अधिक. १८३७ च्या कायद्यानंतरही कलकत्त्याहून मुंबईस जाणाऱ्या एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया पडत असे. त्या काळच्या रुपयाचे मोल लक्षात घेतले म्हणजे दूरच्या वाचकाशी नियमित संबंध ठेवणे किती कठीण होते याची कल्पना येते. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. त्याची कारणे अनेक असतील; परंतु मराठी वाचक गावोगाव विखुरलेला आणि त्याच्यापर्यंत जाण्याचा मार्ग महागडा, ही त्या काळच्या प्रत्येक संपादकापुढील अडचण होती.

१८५४ च्या कायद्याने ही परिस्थिती पालटली. त्या वर्षी ऑक्टोबरपासून देशभर एकाच प्रकारची तिकिटे सुरू झाली आणि पत्राचा दर अंतराऐवजी वजनावर आकारला जाऊ लागला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा दर शेजारच्या तालुक्यासाठी जो, तोच हजार मैलांसाठी ठरला. राज्यकर्त्यांचा हेतू कारभाराची आणि व्यापाराची सोय हा होता, यात शंका नाही. पण एकदा अंतराचा अडसर दूर झाल्यावर त्याचा लाभ समाजालाही मिळाला. पुढे पुण्याचे साप्ताहिक साताऱ्यास आणि इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबांस सारख्याच डाकखर्चात जाऊ लागले. बृहन्महाराष्ट्रातील वाचक मराठी भाषेशी आणि तिच्यातील विचारांशी जोडलेला राहिला, याचे काही श्रेय या समान दरास द्यावयास हवे.

वर्गणीची सोय

नियतकालिक चालविण्यासाठी केवळ अंक पोहोचून भागत नाही. वर्गणीही परत यावी लागते. या बाबतीत तीन सुधारणा लागोपाठ घडून आल्या. १८७७ मध्ये मूल्यदेय टपाल म्हणजे व्ही. पी. पद्धत सुरू झाली. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. १८८० मध्ये मनिऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. यामुळे खेड्यातील वाचकाला कार्डाने अंक मागविता येऊ लागला, व्ही. पी. सोडवून घेता येऊ लागली आणि मनिऑर्डरने वर्गणी पाठविता येऊ लागली. बँक नाही, विक्रेता नाही, शहरात ओळखपाळख नाही, अशा माणसालाही वर्गणीदार होता आले.

याच सुमारास मराठी वृत्तपत्रसृष्टीचा विस्तार झालेला दिसतो. कृष्णराव भालेकर यांचे ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये निघाले, ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला. पुढे १८९५ मध्ये ‘मनोरंजन’, १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’, त्याच वर्षी किर्लोस्करवाडीसारख्या छोट्या औद्योगिक वसाहतीतून ‘किर्लोस्कर खबर’ आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये साने गुरुजींचे ‘साधना’ अशी ही परंपरा वाढत गेली. या पत्रांचे विचार भिन्न, वाचकवर्ग भिन्न. परंतु एक गोष्ट समान होती. त्यांचा वाचक एका शहरात एकवटलेला नव्हता. ज्या पत्रामागे भांडवल नव्हते आणि ज्याचे वाचक गरीब आणि पांगलेले होते, त्याला तर स्वस्त टपालाची गरज सर्वांत अधिक होती. मोठे दैनिक स्वतःची मोटार पाठवू शकते. लहान साप्ताहिकाची मोटार म्हणजे पोस्टमन.

कायद्यातील व्याख्या

१८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमाने या सवलतीला निश्चित रूप दिले. त्यातील कलम ९ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्र कोणास म्हणावे, हे ठरविण्यात आले. संपूर्णपणे किंवा बहुतांशी बातम्या, त्यांसंबंधीचे लेख अथवा चालू विषयांवरील मजकूर असलेले प्रकाशन वृत्तपत्र मानले जाई. त्याचे अंक ३१ दिवसांपेक्षा अधिक खंड न पडता निघाले पाहिजेत आणि त्याला खरेखुरे वर्गणीदार असले पाहिजेत, अशा अटी होत्या. येथे एक खुलासा आवश्यक आहे. नोंदणीकृत वृत्तपत्र आणि रजिस्टर टपाल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत. पहिलीत नियतकालिकाची सवलतीच्या दरासाठी टपाल खात्याकडे नोंद असे. दुसरीत एखाद्या पत्राची पोचपावतीसाठी नोंद होत असे.

या अटी वरवर रुक्ष वाटल्या तरी त्यांत शहाणपण होते. ३१ दिवसांच्या मर्यादेमुळे मासिकापर्यंतची नियतकालिके सवलतीत आली. वर्गणीदारांच्या अटीमुळे फुकट वाटावयाची जाहिरातपत्रके बाहेर राहिली. जो माणूस पदरचे पैसे देऊन अंक मागवितो, त्याला तो खरोखरीच हवा आहे, असे कायद्याने मानले. मात्र त्या मजकुरातील मत कोणते, तो सरकारच्या बाजूचा की विरुद्ध, हे या व्याख्येत कोठेही विचारलेले नव्हते.

अर्थात परकीय सत्तेने ही तटस्थता नेहमी पाळली असे नाही. याच अधिनियमात १९२२ साली आक्षेपार्ह वाटणारी वृत्तपत्रे टपालात अडवून ठेवण्याची तरतूद घालण्यात आली. ज्या मार्गाने विचार खेड्यात जातो, तो मार्ग रोखला की विचारही रोखता येईल, असा तो हिशेब होता. वृत्तपत्राच्या जीवनात टपालाचे महत्त्व केवढे होते याची ही साक्षच म्हणावी लागेल. यातून घ्यावयाचा बोध असा की, टपाल स्वस्त असणे जितके आवश्यक, तितकेच ते निःपक्षपाती असणे आवश्यक. टपालाने वजन पाहावे, पत्ता पाहावा. मत पाहू नये.

दराचे गणित

या शतकातील दर पाहिले म्हणजे सवलतीचे स्वरूप स्पष्ट होते. १८९८ च्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार नोंदणीकृत वृत्तपत्राच्या एका प्रतीस ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे आणि पुढील प्रत्येक १०० ग्रॅमला २० पैसे असा दर होता. त्याच काळात साध्या पत्रास दर २० ग्रॅमला ५ रुपये पडत. म्हणजे ५० ग्रॅम वजनाचे पत्र १५ रुपयांस जाई आणि तेवढ्याच वजनाचे साप्ताहिक २५ पैशांत जाई. वर्षाच्या ५२ अंकांचा डाकखर्च अवघा १३ रुपये होत असे. शंभर ग्रॅमच्या मासिकाचे बारा अंक ६ रुपयांत वर्गणीदाराच्या घरी पोहोचत.

३० जून २०११ नंतर २५ पैशांचे नाणे चलनातून गेले. परंतु २५ पैशांचा हा दर त्यानंतरही कायम राहिला. नाणे संपले तरी दर टिकला, हे टपालाच्या इतिहासातील एक आगळे उदाहरण होय. एकाच अंकाच्या अनेक प्रती एका गठ्ठ्यात पाठविण्यासाठीही असाच अल्प दर होता. असा गठ्ठा घरपोच न देता मान्यताप्राप्त विक्रेत्याने डाकघरातून न्यावा, अशी अट मात्र होती.

एवढ्या दरात खर्च भागत नव्हता, हे उघड आहे. अंक गोळा करावयाचा, त्याची वर्गवारी करावयाची, रेल्वेने व मोटारीने तो तालुक्याला न्यावयाचा आणि तेथून सायकलने किंवा पायी गावी पोहोचवावयाचा. या सर्वांचा खर्च त्या २५ पैशांच्या कित्येक पट होता. उरलेला भार टपाल खात्याच्या एकूण उत्पन्नातून आणि अखेर सार्वजनिक तिजोरीतून सोसला गेला.

असा भार सोसणारा भारत हा काही एकटा देश नव्हे. अमेरिकेच्या संसदेने १७९२ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राच्या प्रतीस शंभर मैलांपर्यंत १ सेंट आणि त्यापुढे दीड सेंट असा दर ठरविला होता. त्याच कायद्यात पत्रास अंतरानुसार ६ ते २५ सेंट द्यावे लागत. संपादकांना परस्परांची पत्रे टपालाने विनामूल्य पाठविता येत. नव्याने स्थापन झालेल्या त्या प्रजासत्ताकाने असे मानले की, नागरिक दूरदूर राहणार, तर त्यांना राज्यकारभाराची माहिती मिळाल्यावाचून लोकशाही चालणार नाही. आणि म्हणून पत्र पाठविणाऱ्याने थोडे अधिक देऊन वृत्तपत्राचा भार उचलावा. भारतातील पद्धतीच्या मुळाशी हाच न्याय आहे. याच न्यायाने अंधांसाठी ब्रेल लिपीतील साहित्य आपल्या टपालाने विनामूल्य नेले. ज्याला माहिती मिळविणे अधिक कठीण, त्याच्यासाठी मार्ग अधिक सोपा, असे हे सूत्र आहे.

शेवटचे दोन कोस

दर कितीही अल्प असला तरी अंक वेळेवर हाती पडला नाही तर त्याचा उपयोग नाही. पेरणीचा सल्ला देणारे शेतीविषयक मासिक मृग सरल्यावर पोहोचले, परीक्षेसंबंधीची सूचना परीक्षेनंतर मिळाली किंवा योजनेच्या अर्जाची मुदत संपल्यावर तिची माहिती वाचावयास मिळाली, तर स्वस्त दराचे समाधान कोणास होणार? म्हणून या सेवेत दराइतकेच महत्त्व वेळेला आहे. यासाठी नियतकालिके ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या डाकघरात टाकण्याची शिस्त घालण्यात आली. मुंबईत त्यांची वेगळी वर्गवारी करणारे ‘पत्रिका चॅनल’ कार्यालय होते आणि त्याचे नाव अनेक मासिकांच्या शेवटच्या पानावर छापलेले वाचकांनी पाहिले असेल.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ डाकघरे होती. आज ती दीड लाखाहून अधिक आहेत आणि त्यांतील सुमारे नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोड पद्धतीने वर्गवारी सोपी केली. या पद्धतीची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. ते संस्कृतचे विद्वान आणि कवी होते, ही महाराष्ट्राला अभिमानास्पद गोष्ट आहे. एकाच नावाची अनेक गावे असलेल्या या देशात सहा आकड्यांनी किती अंक वाट चुकण्यापासून वाचविले असतील, याची गणती करता येणार नाही.

तरीही शेवटचे दोन कोस माणसालाच चालावे लागतात. पूर्वी हे काम हरकारे करीत. आज ते ग्रामीण डाक सेवक करतात. गावातील शाळामास्तरानेच शाखा डाकघराचे काम पाहावयाचे, ही पद्धतही पुष्कळ ठिकाणी होती. अंक गावी यावयाचा तो मास्तरांच्या हाती, आणि पुष्कळदा तो चावडीवर अथवा पारावर मोठ्याने वाचूनही तेच दाखवावयाचे. एका प्रतीचे वाचक किती, हा प्रश्न खेड्यात छापील आकड्याने सुटत नाही. म्हणून वर्गणीदारांची संख्या लहान दिसली, तरी या सेवेचे महत्त्व लहान ठरत नाही.

बदललेली परिस्थिती

अलीकडच्या काळात या व्यवस्थेचे आधार बदलले आहेत. दैनिके पूर्वीपासूनच बहुधा रेल्वे, एस. टी. आणि खाजगी मोटारी यांनी जात आली. खाजगी पत्रे दूरध्वनी आणि भ्रमणध्वनीमुळे कमी झाली. व्यापारी टपालाचा काही भाग कुरिअरकडे गेला. म्हणजे ज्या पत्राच्या उत्पन्नावर वृत्तपत्राचा भार टाकावयाचा, ते पत्रच आटले.

कायदाही बदलला आहे. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. १८९८ च्या डाकघर अधिनियमाची जागा घेणारा डाकघर अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून अंमलात आला. जुन्या कायद्यात टपालाच्या दरांची कमाल मर्यादा खुद्द कायद्याच्या अनुसूचीत होती. ती वाढवावयाची तर संसदेत यावे लागे. नव्या कायद्यात सेवा आणि त्यांचे आकार टपाल महासंचालकांनी विनियमांद्वारे ठरवावयाचे आहेत. पत्रांवरील टपाल खात्याचा अनन्य अधिकारही नव्या कायद्यात राहिलेला नाही. खात्याला बदलत्या काळाशी जुळवून घेण्यासाठी मोकळीक हवी, हे यामागील कारण समजण्याजोगे आहे. परंतु जे तत्त्व सव्वाशे वर्षे कायद्याच्या कलमात लिहिलेले होते, ते यापुढे कारभाराच्या निर्णयावर आणि लोकांच्या जागरूकतेवर अवलंबून राहणार, हेही तितकेच खरे.

याचा अनुभव पुस्तकांच्या बाबतीत लगेच आला. डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांसाठी असलेली जुनी बुकपोस्टाची सवलत बंद झाली. प्रकाशक, ग्रंथालये आणि वाचक यांनी त्याविषयी चिंता व्यक्त केली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर ठेवण्यात आला. वाचकांनी आपली गरज मांडली की तिचा विचार होऊ शकतो, हे यावरून दिसते. जी गरज कोणी मांडतच नाही, ती मात्र सहज विसरली जाते.

भ्रमणध्वनीवर सर्व काही मिळत असताना छापील अंक टपालाने कशाला मागवावा, असा प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहारातलेच आहे. भ्रमणध्वनीवरची बातमी एका माणसापुरती असते; शाळेच्या टेबलावरचा अंक वर्गातील चाळीस मुलांचा असतो. तो जपून ठेवता येतो, वर्षाचे अंक बांधून ग्रंथालयात लावता येतात, दोन वर्षांपूर्वी काय लिहिले होते ते पडताळून पाहता येते. वयोवृद्ध वाचकाला मोठ्या अक्षरातील छापील पान सोयीचे असते. शिवाय छापील अंकावर संपादकाचे नाव आणि पत्ता असतो. मजकुराची जबाबदारी घेणारा कोणी तरी असतो. अफवा क्षणात पसरण्याच्या काळात ही गोष्ट लहान नव्हे.

गावपातळीवर काय करता येईल

या सेवेचा शेवटचा दुवा गावातच आहे आणि तो बळकट करणे गावाच्या हाती आहे. ग्रामपंचायतीने आपल्या वाचनालयासाठी वर्षाच्या प्रारंभीच दोन-तीन नियतकालिकांची वर्गणी भरावी आणि ती दरवर्षी न चुकता चालू ठेवावी. पंचायतीच्या एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदी किरकोळ असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्याखाली मान्यता घेतलेल्या ग्रंथालयाला अनुदान मिळू शकते. गावातील तरुणांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे.

शिक्षकांच्या पूर्वपरंपरेत ‘शालापत्रक’ आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी तरुण वयात त्याच्या संपादनाचे काम केले होते. शाळेत आलेला अंक कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावा, आठवड्यातून एक तास त्याच्या वाचनासाठी राखावा, मुलांना संपादकास पत्र लिहावयास सांगावे. आपण लिहिलेले पत्र टपालाने गेले आणि छापून परत आले, हा अनुभव नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा अधिक शिकवितो.

पत्ता पिनकोडासह पूर्ण लिहिणे आणि पत्ता बदलल्यास वेळीच कळविणे, ही वर्गणीदाराची जबाबदारी आहे. अंक मिळाला नाही तर गप्प बसू नये. कोणता अंक, कोणत्या तारखेचा, हे नमूद करून शाखा डाकपालाकडे आणि प्रकाशकाकडे लेखी कळवावे. मोघम तक्रारीतून काही निष्पन्न होत नाही. तारीखवार नोंदीतून दोष कोठे आहे ते सापडते. तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनीही आपल्या कार्यालयात येणाऱ्या विकासविषयक पत्रिका गठ्ठ्यातच पडून राहत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे. टपालाने दोनशे मैल आणलेला अंक कार्यालयाच्या कोपऱ्यात अडला, तर तो दोष टपालाचा म्हणता येणार नाही.

ग्रामसभेत ज्याला बोलावयाचे आहे, त्याला आधी वाचावयास मिळाले पाहिजे. अंदाजपत्रकात काय तरतूद झाली, शेजारच्या तालुक्याने पाण्याचा प्रश्न कसा सोडविला, कायद्यात कोणता बदल झाला, हे ज्या गावाला कळत नाही, त्या गावाचा सहभाग केवळ हात वर करण्यापुरता राहतो. टपालाच्या पिशवीतील नियतकालिक हे त्या दृष्टीने पंचायत राज्याच्याच कामाचा भाग आहे. त्याचा दर आता कायद्याच्या अनुसूचीने बांधलेला नाही. तो सामान्य वाचकाच्या आवाक्यात राहावा, असे वाटत असेल, तर गावोगावच्या वाचनालयांनी, शाळांनी आणि पंचायतींनी वर्गणीदारांच्या यादीत आपले नाव ठेवले पाहिजे. मागणी करणारा वाचक आहे, हे दिसल्यावाचून कोणतीही सवलत फार काळ टिकत नाही.